शाब्दिक उदाहरणं: आधी मराठी सोडवा, मग गणित

परवा आठवीतल्या एका मुलासमोर मी कागद सरकवला. त्यावर एवढंच होतं: ३क्ष + २० = ९५. अर्ध्या मिनिटात त्यानं २५ उत्तर काढलं. मग तोंडी विचारलं, "तीन वडापाव आणि २० रुपयांचा चहा, बिल झालं ९५. वडापाव केवढ्याला?" पेन न उचलता तो म्हणाला, "पंचवीसला." मग तिसरा कागद दिला: 'एका संख्येच्या तिपटीत २० मिळवल्यास ९५ ही संख्या मिळते, तर ती संख्या कोणती?' तो बराच वेळ कागदाकडे बघत बसला आणि म्हणाला, "काकू, शाब्दिक आम्हाला अजून शिकवलं नाही."

तिन्ही वेळा गणित एकच होतं. त्याला समीकरण सोडवता येत होतं आणि बाजारातला हिशोबही येत होता. अडलं ते मधल्या पुलावर. वाक्य वाचून त्याची बैजिक राशी (३क्ष + २० सारखी अक्षरं आणि आकड्यांची मांडणी) करणं हे काम गणितापेक्षा मराठीचं जास्त आहे, आणि नेमकं तेच वर्गात घाईघाईनं उरकलं जातं. फळ्यावर 'समजा क्ष' लिहिलं जातं आणि पुढच्या ओळीत समीकरण तयार असतं. ते कुठून आलं, हे कळेपर्यंत उत्तराखाली दोन रेघा मारून झालेल्या असतात.

म्हणून हा लेख त्या मधल्या पुलाबद्दल आहे. सातवी-आठवीतल्या मुलांना उपयोगी पडेल, त्यांना घरी शिकवणाऱ्या आईबाबांना पडेल, आणि नोकरीच्या परीक्षेसाठी वीस वर्षांनी गणिताला पुन्हा हात घालणाऱ्यांनाही. ३क्ष + २० = ९५ सारखं साधं समीकरण सोडवता येतं, एवढं मी धरून चालते.

अक्षराबद्दल एक खुलासा. पाठ्यपुस्तकात चलासाठी, म्हणजे माहीत नसलेल्या संख्येसाठी, इंग्रजी अक्षरं असतात. मी इथे क्ष आणि य वापरते आहे. क्ष-किरण म्हणतो तोच हा क्ष. १८९५ मध्ये रोंटगेनला ते किरण सापडले तेव्हा ते कसले आहेत हे ठाऊक नव्हतं, म्हणून त्यानं त्यांना अज्ञाताचं अक्षर दिलं.

मोजायला शिकलात तेव्हाच हे शिकलात

बैजिक राशी म्हणजे काहीतरी परकं, ही भीती आधी घालवू. एकोणतीस म्हणजे काय? तिसाला एक उणा. म्हणजे ३० − १. एकोणचाळीस म्हणजे ४० − १. आपण बोलतानाच वजाबाकी करतो आणि ते आपल्या लक्षातही येत नाही.

पावणेचार म्हणजे ४ − १/४. सव्वाचार म्हणजे ४ + १/४. साडेचार म्हणजे ४ + १/२. आता पावणेदोनशे घ्या. ते २०० − १/४ नसतं. आधी पावणेदोन करायचे, मग शंभरनं गुणायचं: (२ − १/४) × १००, म्हणजे १७५. कंस कुठे पडतो हे दुकानदारापासून आजीपर्यंत सगळ्यांना कळतं, फक्त त्याला कुणी कंस म्हणत नाही.

तेव्हा 'क्षची दीडपट' म्हणजे ३क्ष/२, 'सव्वापट' म्हणजे ५क्ष/४, 'पाऊणपट' म्हणजे ३क्ष/४. एवढं पाठ नसलं तरी चालेल. दीड म्हणजे किती हे माहीत आहे ना, मग झालं.

पहिली पायरी: शेपटीकडून वाचा

शाब्दिक उदाहरणाचं शेवटचं वाक्य आधी वाचायचं. 'तर मुलीचं आजचं वय काढा.' 'तर हाफ तिकिटं किती?' काय हवं आहे हे कळल्याशिवाय वरचं वाचलं, तर प्रत्येक आकडा सारखाच महत्त्वाचा वाटतो.

मग पूर्ण वाचा, आणि ते पुन्हा स्वतःच्या शब्दांत कुणाला तरी सांगा. सांगता येत नसेल तर समीकरणही मांडता येणार नाही. मुलांना मी पेन हातात घेऊ देत नाही, आधी गोष्ट सांगायला लावते.

दुसरी पायरी: 'समजा' हे वाक्य पूर्ण लिहा

'समजा क्ष' हे अर्धं वाक्य आहे. 'समजा मुलगी = क्ष' हेही वाईटच. मुलगी क्ष नसते, तिचं वय क्ष असतं. आणि वयसुद्धा कधीचं? आजचं की पाच वर्षांपूर्वीचं? म्हणून लिहायचं: 'समजा, मुलीचं आजचं वय क्ष वर्षं आहे.' क्ष नेहमी संख्या असतो. त्याच्यामागे काय मोजलं आणि कशात मोजलं, हे दोन्ही यायला हवं.

कशाला क्ष मानायचं? जे विचारलंय तेच, हा सोपा नियम सांगतात. मला तो अर्धाच पटतो. ज्याच्याशी बाकीच्यांची तुलना केली आहे त्याला क्ष माना. बहुतेकदा ती सगळ्यात लहान गोष्ट असते. आईचं वय मुलीच्या तिप्पट असेल तर मुलीला क्ष दिला की आई ३क्ष होते. आईला क्ष दिला तर मुलगी क्ष/३, आणि अपूर्णांक घरात शिरतात. उत्तर तेच येईल, पण वाट खडकाळ.

तिसरी पायरी: एकेका तुकड्याची राशी करा

इथे थोडं थांबून बघू, कारण खरी अडचण इथेच असते.

क्षमध्ये ७ मिळवले: क्ष + ७
क्षपेक्षा ७ ने लहान: क्ष − ७
क्षमधून ७ वजा: क्ष − ७
७ मधून क्ष वजा: ७ − क्ष
क्षची चौपट: ४क्ष
क्षला ७ ने भागलं: क्ष/७
७ ला क्षने भागलं: ७/क्ष

शब्दांकडे पाहू नका, शब्दांच्या शेपट्यांकडे पाहा. ज्याला 'मधून' किंवा 'पेक्षा' लागलं ते आधी. ज्याला भागताना 'ला' लागलं ते रेघेच्या वर, ज्याला 'ने' लागलं ते खाली. विभक्तीचे प्रत्यय व्याकरणाच्या तासाला कंटाळवाणे वाटतात, ते इथे कामाला येतात.

मराठीची एक मोठी सोय आहे. 'क्षपेक्षा ७ ने कमी' हे ज्या क्रमानं ऐकू येतं त्याच क्रमानं लिहिलं जातं: क्ष, मग ७, मग कमी. सेमी-इंग्रजीच्या मुलांची मात्र इथे फसगत होते. 'सेव्हन लेस दॅन एक्स' मध्ये सात आधी कानावर पडतो आणि ती ७ − क्ष लिहून मोकळी होतात. अशा मुलांना मी सांगते, वाक्य आधी मनात मराठीत म्हणून बघा.

आता कंस. ही दोन वाक्यं वाचा.

'एका संख्येच्या दुपटीतून ३ वजा केले.'
'एका संख्येतून ३ वजा करून येणाऱ्या संख्येची दुप्पट केली.'

पहिलं २क्ष − ३. दुसरं २(क्ष − ३). फरक 'करून येणाऱ्या' या दोन शब्दांत आहे. 'करून', 'केल्यावर येणारी', 'मिळवल्यास जी बेरीज येते तिची' असं काही दिसलं की तिथे कंस बंद झाला असं समजा. त्याआधीचं सगळं एका पिशवीत भरलं. यापुढची क्रिया त्या पूर्ण पिशवीवर होणार. क्ष = १० घेऊन पाहा: पहिल्याचं उत्तर १७, दुसऱ्याचं १४.

'पट' आणि 'ने' यांचीही गल्लत होते. ५ ने जास्त म्हणजे क्ष + ५. ५ पट म्हणजे ५क्ष. 'पाच पट जास्त' असं वर्तमानपत्रात छापून येतं तेव्हा ते ५क्ष की ६क्ष, हे लिहिणाऱ्यालाच विचारावं लागेल. 'दुपटीनं वाढ' हाही त्यातलाच प्रकार. परीक्षेतला प्रश्न सहसा इतका मोघम नसतो, पण असला तर तुमचा अर्थ उत्तरात एका ओळीत लिहून टाका.

चौथी पायरी: 'आहे' शोधा

वाक्यात बरोबरचं चिन्ह नसतं, क्रियापद असतं. 'आहे', 'होते', 'होईल', 'मिळतात', 'येते', 'इतकीच', 'सारखे'. जिथे असा शब्द भेटेल तिथे दोन बाजू समोरासमोर येतात. 'एका संख्येच्या तिपटीत २० मिळवल्यास ९५ मिळतात.' 'मिळतात' वर बोट ठेवा. एका बाजूला ३क्ष + २०, दुसऱ्या बाजूला ९५. त्या मुलाला एवढंच दाखवलं तेव्हा तो चिडून म्हणाला, "मग हे वडापावचंच आहे की!"

मोठ्या उदाहरणात 'आहे' दोनदा-तीनदा येतं. त्यातलं एखादं क्षवरून दुसरी राशी करण्यात खर्च होतं, आणि उरलेलं एक समीकरण देतं. एकही उरलं नाही तर तुम्ही एखादी माहिती दोनदा वापरली आहे. प्रत्येक वाक्य वापरून झालं की त्यावर पेन्सिलीनं बारीक टिक करा.

उलटं लिहिण्याची चूक फार होते. 'वर्गात मुली मुलग्यांच्या दुप्पट आहेत.' मुलगे क्ष, मुली य. भराभर लिहिताना हात २य = क्ष असं लिहून जातो, कारण 'मुली' आणि 'दुप्पट' डोक्यात एकत्र चिकटलेले असतात. एक खोटा आकडा घालून बघा. मुलगे १० तर मुली २०. २ × २० = १०? छे. म्हणजे य = २क्ष. ही तपासणी दहा सेकंदांची आहे आणि मी अजूनही ती करते.

पाचवी पायरी: सोडवा, आणि ताळा प्रश्नात घाला

सोडवणं तुम्हाला येतं, त्यावर वेळ घालवत नाही. ताळ्याबद्दल मात्र बोलायचं आहे. बहुतेक मुलं उत्तर समीकरणात ठेवून बघतात. समीकरणच चुकीचं मांडलं असेल तर ताळा अगदी झकास जुळतो आणि उत्तर चूकच राहतं. उत्तर मूळ प्रश्नाच्या वाक्यांत ठेवायचं. शाळेत असताना मी एकदा वडिलांचं वय ९ आणि मुलाचं २७ असं काढून, खाली दोन रेघा मारून, वही बिनदिक्कत देऊन आले होते. समीकरणात दोन्ही आकडे बसत होते.

जमीन, वय, तिकीट

आता काही उदाहरणं पूर्ण सोडवू. पहिलं एककांचं.

३ एकर ३० गुंठे जमीन तीन भावंडांत वाटली. मधल्याला धाकट्यापेक्षा १० गुंठे जास्त मिळाली आणि थोरल्या बहिणीला धाकट्याच्या दीडपट. प्रत्येकाला किती?

एकर आणि गुंठे एका समीकरणात नांदत नाहीत. १ एकर म्हणजे ४० गुंठे, म्हणून एकूण १५० गुंठे. दोन्ही तुलना धाकट्याशी आहेत, म्हणून समजा धाकट्याची जमीन क्ष गुंठे. मधला क्ष + १०, बहीण ३क्ष/२. सगळी मिळून १५०:

क्ष + (क्ष + १०) + ३क्ष/२ = १५०

दोननं गुणलं की २क्ष + २क्ष + २० + ३क्ष = ३००, म्हणजे ७क्ष = २८०, क्ष = ४०. धाकट्याला एक एकर, मधल्याला ५० गुंठे, बहिणीला ६० गुंठे म्हणजे दीड एकर. बेरीज १५०. गुणताना १० चे २० करायला विसरलात तर ७क्ष = २९० येतं आणि उत्तर अपूर्णांकात जातं. असं विचित्र उत्तर आलं की समीकरणावर शंका घेण्याआधी गुणाकार पुन्हा बघा.

वयाची गणितं मुलांना सगळ्यात अवघड वाटतात, कारण त्यात काळ बदलतो. आईचं आजचं वय मुलीच्या वयाच्या तिप्पट आहे. ५ वर्षांपूर्वी ते मुलीच्या तेव्हाच्या वयाच्या चौपट होतं. दोघींची आजची वयं काढा.

इथे छोटा तक्ता करा. आडव्या ओळीत माणसं, उभ्या रकान्यांत काळ.

मुलगी: आज क्ष, ५ वर्षांपूर्वी क्ष − ५
आई: आज ३क्ष, ५ वर्षांपूर्वी ३क्ष − ५

पहिलं वाक्य तक्ता भरण्यात संपलं. दुसऱ्या वाक्यातलं 'होतं' समीकरण देतं: ३क्ष − ५ = ४(क्ष − ५). इथे दोन चुका हमखास होतात. एक, आईच्या वयातून ५ वजा करायचे राहून जातात, जणू काळ फक्त मुलीसाठी मागे गेला. दुसरी, कंस विसरून ४क्ष − ५ लिहिलं जातं. ही दुसरी चूक केली तर ३क्ष − ५ = ४क्ष − ५, म्हणजे क्ष = ०. मुलगी आजच जन्मली आणि आईचं वयही शून्य! बरोबर सोडवलं तर ३क्ष − ५ = ४क्ष − २०, म्हणून क्ष = १५. मुलगी १५, आई ४५. पाच वर्षांपूर्वी १० आणि ४०.

तिकिटांचं उदाहरण एसटीतलं घेते, भाडं सोयीचं धरून. बसमध्ये ४४ प्रवासी आहेत. पूर्ण तिकीट ८० रुपये, हाफ ४० रुपये. कंडक्टरकडे २५६० रुपये जमले. हाफ तिकिटं किती? (मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं भाडं आहे, तेव्हा हाफ म्हणजे लहान मूलच असं आता धरू नका.)

पूर्ण तिकिटं क्ष मानली, तर हाफ किती? मुलं इथे य लिहितात. चालेल. पण ४४ पैकी क्ष पूर्ण असतील तर उरलेली ४४ − क्ष, हे कळलं की दुसऱ्या अक्षराची गरजच नाही. 'एकूण अमुक, त्यातले काही' असं वाक्य आलं की 'उरलेले' म्हणजे एकूणमधून क्ष वजा. ही सवय लागली की अर्धी दोन-चलांची गणितं एका चलात बसतात.

आता जपून. ४४ हे प्रवासी आहेत आणि २५६० हे रुपये. प्रवासी आणि रुपये एकमेकांत मिळवता येत नाहीत. आधी प्रवाशांना भाड्यानं गुणून रुपये करायचे.

८०क्ष + ४०(४४ − क्ष) = २५६०
८०क्ष + १७६० − ४०क्ष = २५६०
४०क्ष = ८००, क्ष = २०

थांबा, विचारलंय हाफ. ४४ − २० = २४. शेपटीकडून वाचायला सांगितलं ते यासाठी. क्ष मिळाला की हुश्श करून थांबणाऱ्यांचे इथे गुण जातात.

ज्यांना बीजगणित नको आहे त्यांच्यासाठी तोंडी रीत: सगळ्यांनी हाफ काढलं असतं तर १७६० झाले असते. ८०० जास्त आहेत, प्रत्येक पूर्ण तिकिटामागे ४० जास्त, म्हणून पूर्ण तिकिटं २०. वरच्या समीकरणात नेमकं हेच घडलं आहे, ओळीला ओळ लावून बघा.

छत्तीसचा आकडा

दोन अंकी संख्येची उदाहरणं वेगळी, कारण तिथे अंक आणि संख्या यांत फरक करावा लागतो. एका दोन अंकी संख्येतील अंकांची बेरीज ९ आहे. अंकांची अदलाबदल केली तर येणारी संख्या मूळ संख्येपेक्षा २७ ने मोठी होते. ती संख्या कोणती?

दशकाचा अंक क्ष, एककाचा य. संख्या क्षय नव्हे! शेजारी-शेजारी लिहिलेली अक्षरं गुणाकार दाखवतात. संख्या आहे १०क्ष + य. मराठी माणसाला इथे जरा जास्तच सावध राहावं लागतं, कारण आपण एककाचा अंक आधी बोलतो: पंचवीसमध्ये पाच आधी, वीस नंतर. लहान मुलं त्रेसष्ट ऐकून ३६ लिहितात ते उगाच नाही. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक', 'वीस दोन' असं वाचन आलं आणि त्यावर केवढा गदारोळ झाला होता. बीजगणितापुरतं बोलायचं तर १०क्ष + य हे त्या 'वीस पाच' च्या बाजूनं आहे.

क्ष + य = ९
१०य + क्ष = १०क्ष + य + २७

दुसऱ्यातून ९य − ९क्ष = २७, म्हणजे य − क्ष = ३. दोन्ही मिळवली की २य = १२; य = ६, क्ष = ३. संख्या ३६, उलटली की ६३. एकमेकांकडे पाठ करून बसलेले तीन आणि सहा अदलाबदल केली की समोरासमोर येतात.

'२७ ने मोठी' हे जोडताना २७ कुठल्या बाजूला, हा नेहमीचा घोळ. मोठी बाजू तशीच राहू द्या आणि लहान बाजूला २७ ची भर घाला, म्हणजे पारडी समान होतात.

बाकीच्यांवरून धावती नजर

शेकडेवारी: २० टक्के सूट देऊन कुर्ता ७२० ला मिळाला, छापील किंमत काय? ७२० चे २० टक्के काढून मिळवले तर ८६४ येतात, आणि ते चूक आहे. सूट छापील किमतीवर होती. छापील किंमत क्ष, तर क्ष − २०क्ष/१०० = ७२०, क्ष = ९००. टक्के दिसले की विचारायचं: कशाचे?

वेग: जाताना ताशी ६० किलोमीटर, येताना ताशी ४०, एकूण ५ तास प्रवास. अंतर किती? अंतर क्ष मानलं की वेळ क्ष/६० आणि क्ष/४०. त्यांची बेरीज ५, म्हणून क्ष = १२०. सरासरी वेग ५० धरून ५ तासांचे २५० किलोमीटर आणि त्याचं निम्मं १२५ असं करू नका. ताशी ४० नं जास्त वेळ जातो, म्हणून सरासरी ४८ पडते.

क्षेत्रफळ: लांबी रुंदीपेक्षा ५ ने जास्त, क्षेत्रफळ ८४. क्ष(क्ष + ५) = ८४ हे वर्गसमीकरण आहे, म्हणजे त्यात क्षचा वर्ग येतो; उत्तरं ७ आणि −१२. रुंदी उणे बारा नसते, म्हणून ७. बीजगणित दोन्ही उत्तरं देतं. कुठलं ठेवायचं ते गोष्ट सांगते.

भास्कराचार्यांचे घोडे आणि भुंगे

या सगळ्याला आपल्याकडे जुना वारसा आहे. भास्कराचार्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' लिहिला तो वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० मध्ये. अंकगणिताची 'लीलावती' आणि 'बीजगणित' हे त्याचेच भाग मानले जातात. त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, चाळीसगावजवळच्या पाटणला या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढला, आणि त्याचा १२०७ चा शिलालेख आहे.

'बीजगणिता'त अज्ञाताला 'यावत्तावत्' म्हटलं आहे, म्हणजे जितकं असेल तितकं. 'समजा क्ष' चा याहून चांगला खुलासा मला अजून सापडलेला नाही. दुसरं अज्ञात आलं की रंग: कालक, नीलक, पीतक. एक उदाहरण असं आहे: एकाकडे रोख ३०० आणि ६ घोडे, दुसऱ्याकडे १० घोडे आणि डोक्यावर १०० चं कर्ज. सगळ्या घोड्यांची किंमत सारखी आणि दोघांची संपत्तीही सारखी. घोड्याची किंमत काय?

बरोबरचं चिन्ह तेव्हा नव्हतं, ते इंग्लंडमध्ये १५५७ ला रॉबर्ट रेकॉर्डनं आणलं. म्हणून दोन्ही बाजू एकाखाली एक लिहायच्या: वर 'या ६ रू ३००', खाली 'या १० रू १००', आणि कर्ज असल्यानं त्या शंभरावर टिंब. ('या' म्हणजे यावत्तावत्, 'रू' म्हणजे रूप, ठाऊक असलेली संख्या.) आपल्या पद्धतीनं ६क्ष + ३०० = १०क्ष − १००. ४०० = ४क्ष, घोडा १०० ला. दोघांकडे ९०० ची संपत्ती. कर्ज म्हणजे उणे, हे ज्याला घोड्यांवरून कळलं त्याला ऋण संख्येची भीती राहत नाही.

'लीलावती'तलं भुंग्यांचं उदाहरण तर मुलांना फारच आवडतं. थव्याचा पाचवा भाग कदंबावर गेला, तिसरा भाग शिलींध्रावर, आणि या दोघांतल्या फरकाची तिप्पट कुड्याच्या फुलांवर. एक भुंगा हवेत भिरभिरत राहिला. भुंगे किती?

क्ष/५ + क्ष/३ + ३(क्ष/३ − क्ष/५) + १ = क्ष

'फरकाची तिप्पट' म्हणजे कंस. १५ नं गुणा: ३क्ष + ५क्ष + ६क्ष + १५ = १५क्ष, म्हणून क्ष = १५. तीन, पाच, सहा आणि एक.

क्ष न वापरताही हे येतं, त्या रितीला इष्टकर्म म्हणतात. मनातली कुठलीही सोयीची संख्या धरा, समजा ३०. मग ६, १० आणि १२ भुंगे गेले, २ उरले. उरायला हवा होता १, म्हणजे निम्मा. तर ३० च्या निम्मे १५. सगळं थव्याच्या भागांतच मोजलं असेल तेव्हाच ही रीत चालते. 'आणखी चार भुंगे बाहेरून आले' असं काही असेल तर ती गडबडते आणि क्षकडेच यावं लागतं.

घरी करायला

मी मुलांना उलटं काम देते: समीकरण मी देणार, गोष्ट तुम्ही लिहा. ४क्ष + १० = ९० ला एकीनं चार वह्या आणि दहाचं पेन लिहिलं, एकानं क्रिकेट आणलं: चार षटकांत सारख्या धावा, दहा अवांतर, एकूण नव्वद. गोष्ट लिहिता आली की वाचता येते.

आणि ही तीन स्वतः मांडा.

तीन क्रमागत विषम संख्यांची बेरीज ८७ आहे. त्या कोणत्या?

एका संख्येची पावणेदोनपट तिच्या सव्वापटीपेक्षा १५ ने जास्त आहे. ती संख्या कोणती?

ताईनं दादाला १० रुपये दिले तर दोघांकडे सारखे पैसे होतात. उलट दादानं ताईला १० रुपये दिले तर ताईकडे दादाच्या दुप्पट होतात. सध्या कुणाकडे किती?

उत्तरं: २७, २९, ३१, मग ३०, मग ताईकडे ७० आणि दादाकडे ५०. तिसऱ्यात ज्यांना ताईकडे ३० आणि दादाकडे २० मिळाले, त्यांनी घेणाऱ्याच्या खिशात दहा रुपये टाकले, पण देणाऱ्याच्या खिशातून काढायचे राहून गेले.